फेट्याखालची शिट्टी

सदर बाजार, कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

ती. सौ. आक्कास,
धाकटा भाऊ आकाराम याचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून दाजी म्हणतील, साउंडवाल्याचं डोकं फिरलं, मोबाईलच्या जमान्यात पोस्टमनला कामाला लावलंय. पण आक्का, हल्लीच्या मोबाईलमध्ये आवाजच राहिलेला नाही. गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू बराच वेळ बोललीस, मी बराच वेळ झकास झकास म्हणालो आणि ठेवून दिला. शालननं विचारलं, आक्का काय म्हणाल्या, तर मी ठोकून दिलं की सगळं बरं आहे. संध्याकाळी पोराकडून, सम्राटकडून, कळलं की तू पाय मुरगळल्याचं सांगत होतीस. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर माझ्या अंगठ्याखाली एका वेळी तीन अक्षरं चिरडतात.

आता इकडची बातमी. परवा एका हायस्कूलच्या स्नेहसंमेलनाचं काम आपल्याकडं होतं. आकाराम साउंड सर्व्हिस म्हणजे लग्नाची वरात, गणपती, जयंती, कुस्तीचं मैदान, निवडणुकीची सभा आणि पाडव्याला म्हशींची मिरवणूक. शाळेचं काम त्यातल्या त्यात गरीब. पाहुणे बोलायला उभे राहिले. विषय होता शिक्षणात इलेक्ट्रॉनिक्सचं महत्त्व. मी मिक्सरमागं हाताची घडी घालून मालकासारखा उभा. पाहुण्यांची दोन वाक्यं झाली असतील, समोरच्या सगळ्या पोरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मला वाटलं, कवायत सुरू झाली. मग मुख्याध्यापकबाईंनी ठेवले. मग पाहुण्यांनीही माईक सोडून ठेवले. एवढी शिस्त मी कुठल्या शाळेत बघितली नव्हती, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात सम्राट पळत आला, मला बाजूला सारून त्यानं एक बटण खाली ओढलं, आणि पोरांनी हात काढले. माईक शिट्टी मारत होता म्हणे. भोंग्यातला आवाज फिरून माईकमध्ये शिरला की तो किंचाळतो, त्याला आम्ही शिट्टी म्हणतो. आता तूच सांग, जन्मभर शिट्ट्या दाबत आलेला मी, माझ्या पुढ्यात शिट्टी वाजेल आणि मला कळणार नाही? सम्राटलाही हेच विचारलं. तो वायर गुंडाळत बसला. हल्लीचे माईकच वाईट, दुसरं काय.

पायाला शेक दे. लोभ आहेच, त्याला कमी-जास्तीचं बटण लावू नकोस.

तुझा,
आकाराम

---

गडहिंग्लज
२९ जानेवारी २०२५

चि. आकारामास,
आक्काचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र घेऊन पोस्टमन दारात उभा राहिला आणि हळूच विचारता झाला, कुणी वारलं का. हातानं लिहिलेलं पत्र त्यानं बऱ्याच वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. अक्षर अजून तसंच आहे, चालत्या एसटीत लिहिल्यासारखं.

पाय मुरगळल्याचं मी तुला फोनवर तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू झकास म्हणालास. आकाराम, माझा जन्म शाळेत गेला. ज्या पोराला ऐकू येत नाही ते वर्गात कसं हसतं आणि कुठं मान डोलावतं, हे मला पाठ आहे. माईक वाईट, मोबाईल वाईट, दिवाळीला तुझा टीव्ही वाईट होता, त्याआधी शालनचा आवाज बसला होता. एवढ्या वस्तू एकदम बिघडत नसतात रे बाबा. एकच बिघडलीय, आणि ती तुझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

तुझ्या दाजींचं बघ. कंडक्टर म्हणून सगळी नोकरी इंजिनाच्या घरघरीत गेली, कान गेले, मशीन घेतलं. पहिले काही दिवस घरात एवढी भांडी का वाजतात म्हणून माझ्यावर डाफरायचे. आता त्यांना ते मशीन इतकं आवडतं की मी बोलायला लागले की बंद करतात. कानामागं बोट गेलं की मी ओळखते. तुलाही शालनचं बोलणं बंद करायची सोय होईल, निदान ह्या स्वार्थानं तरी डॉक्टरकडं जा.

मी तरी कुठली मोठी शहाणी लागून गेले. आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं आणि वर फुलदाणी ठेवली. तपासणीला साहेब आले तेव्हा कुठं कळलं की ते चालू पण करायचं असतं. यंत्रापुढं आपलं घराणंच असं, त्याची लाज धरू नकोस. लाज धरून गप्प बसणं वाईट.

शालनला, सम्राटला आणि प्रियूला आशीर्वाद. माया आहे म्हणून टोचून लिहिते, तेवढी तूही राखून अस.

तुझी,
आक्का

---

सदर बाजार, कोल्हापूर
२० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आक्कास,
आकारामचा जयभीम, दाजींना नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र शालनच्या हाती लागायच्या आत मी दुकानाच्या गल्ल्यात घालून कुलूप लावलं. माझे कान शाबूत आहेत. परवा गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला तो मला स्वच्छ ऐकू आला.

आणि खरं म्हणजे आमच्या धंद्यात आता कानाचं काम उरलेलंच नाही. सम्राटनं नवा मिक्सर आणलाय. त्याला पाटीएवढा टॅब आहे आणि त्यावर हिरव्या-तांबड्या पट्ट्या नाचतात. आवाज ही आता बघायची वस्तू झाली. तांबडं झालं की कमी कर, हिरवं असलं की गप्प बस. बाकीचं मी लोकांच्या तोंडावरून काढतो. मागच्या रांगेतली म्हातारी मान पुढं काढायला लागली की आवाज कमी पडतोय, कडेवरचं पोर रडलं की जास्त झालाय. गेली चार-पाच वर्षं हेच चाललंय आणि आजवर कुणाला पत्ता लागलेला नाही. (हे वाक्य खोडणार होतो, पण मग कागद फाटला असता.)

आता मुद्द्याचं. यंदा बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या चौकात मुख्य भाषण कुणाचं, सांग बघू. आपल्या प्रियदर्शनीचं! समितीनं ठरवलं, बाहेरचा वक्ता नको, घरची पोर बोलू दे. जयसिंगपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, चार लोक तिला मानतात. ज्या चौकात मी खांबाखांबावर चढून भोंगे बांधले, त्या चौकात माझी पोर माईकवर. माझी छाती स्पीकरच्या दोन बॉक्सांएवढी उंच झाली.

दुसऱ्याच दिवशी ती छाती खाली बसली. समितीचा अध्यक्ष धैर्यशील दुकानात आला. हा माझ्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. लाजत लाजत माझ्या तोंडाशी येऊन म्हणाला की काका, यंदा तुमी फुडं खुर्चीत बसा की, साउंडचं सम्राट बघंल, शाळंत कायतरी घोटाळा झालता म्हनं. मी ताडकन सांगितलं, माझ्या पोरीचा माईक मी लावणार. दुसऱ्यानं हात लावला तर दुकानाची पाटी उतरवून घरी बसेन. बिचारा घाबरून बरं म्हणाला.

आता अशा वेळी कानात मशीन घालून चौकात उभा राहू? साउंडवालाच भैरा, म्हणून सगळी पेठ हसेल. टकल्यानं कंगव्याचं दुकान घालावं तसलं ते. माईक तर जाईलच, वर पोरीची शोभा होईल. तेव्हा ह्या विषयावर पडदा.

राग मानू नकोस, आणि लोभाला मात्र पडदा नको.

तुझा,
आकाराम

---

गडहिंग्लज
३ मार्च २०२५

चि. आकारामास,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

जे वाक्य तू खोडणार होतास तेवढंच सगळ्या पत्रात खरं होतं.

लोकांची तोंडं बघून आवाज लावशील, मान्य. हुशार आहेस, लहानपणापासून आहेस. पण पोर काय बोलली, ते कुणाच्या तोंडावर वाचणार? तिच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तू तिथं उभा असशील आणि तुला त्यातलं काही कळणार नाही. मग मंडपाच्या खांबात आणि तुझ्यात फरक काय राहिला? खांबाला निदान भोंगा तरी बांधता येतो.

माझा पाय अजून नीट टेकत नाही, जयंतीला कोल्हापूरला येणं जमणार नाही. म्हणजे माझ्या वाटणीचंही तुलाच ऐकायचं आहे. शपथा घालायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून साधी धमकी देते. मार्च संपायच्या आत कान तपासले नाहीस तर तुझी दोन्ही पत्रं मी प्रियूला पाठवीन.

दाजी म्हणतात, मेहुण्याला सांग, पहिल्या दिवशी चमच्याच्या आवाजानं दचकायला होतं, घाबरायचं नाही. लोभ असावा हे तर खरंच, पण या वेळी त्याआधी तपासणी असावी.

तुझी,
आक्का

---

सदर बाजार, कोल्हापूर
२८ मार्च २०२५

ती. सौ. आक्कास,
आकारामचा जयभीम. वि. वि.

गेलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

शालनला सांगितलं, इचलकरंजीला वायर आणायला चाललोय, आणि कानाच्या दवाखान्यात जाऊन बसलो. कुणी ओळखीचं भेटलं तर इथला माईक दुरुस्त करायला आलोय म्हणायचं ठरवलं होतं. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्रापुढं. मी वाट बघतोय, काहीच येईना. मग ध्यानात आलं की ती आवाज सोडते तेव्हा तिचा खांदा हलतो. झालं! खांदा हलला की मी बटण दाबायचो. पहिल्या नंबरानं पास होत होतो. ती आधी चकित झाली, मग हसली, मग पाठ फिरवून बसली, आणि मी साफ नापास झालो.

डॉक्टर म्हणाले की जाड आवाज बऱ्यापैकी येतात, बारीक सगळे गेलेत. शिट्टी, पाखरं, बायकांचं आणि पोरांचं बोलणं. मोठ्या आवाजाजवळ काम असतं का, धंदा काय, असं विचारलं. मी म्हटलं, किराणा.

मशीन शेंगदाण्याएवढं आहे. आपल्या गोडाऊनमध्ये ट्रकभर बॉक्स पडलेत, आणि मालकाला शेवटी शेंगदाण्याएवढा स्पीकर लागला. ते घालून रस्त्यावर आलो आणि माझ्याच चपलांना घाबरलो. रिक्षावाला खिशातली नाणी चाळवत होता, ती ऐकू आली. रंकाळ्यावर जाऊन बसलो तर पाणी कठड्याच्या दगडाला लागून सारखं काहीतरी पुटपुटत होतं. आक्का, मी लहानपणापासून त्या पाण्यावर येऊन बसतो. ते बोलायचं बंद कधी झालं, मला कळलंच नव्हतं. थट्टा बाजूला ठेवून लिहितो, फार वाईट वाटलं.

घरी शिरायच्या आधी काढून खिशात ठेवलं. शालनला, पोरांना काही बोललो नाही. जयंतीला घालीन. त्या दिवशी निळा फेटा बांधणार, दोन्ही कान झाकले जातील, माईकही माझा आणि भाषणही माझं. पोरीचा शब्द न् शब्द ऐकून तुला कळवतो.

दाजींना सांग, चमच्याला नाही घाबरलो. आहे ती माया वाढती ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
आकाराम

---

सदर बाजार, कोल्हापूर
१७ एप्रिल २०२५

ती. सौ. आक्का व दाजींना,
आकारामचा जयभीम. वि. वि.

जयंती फार मोठी झाली. प्रियू अशी बोलली की काय सांगू!

आधी फेट्याची फजिती सांगतो. कानात मशीन घातलं, वर फेटा बांधला, आरशात बघितलं, काही दिसत नव्हतं. ऐटीत चौकात आलो तर दोन बायका माझ्या डोक्याकडं बघायला लागल्या. मग मंडपवाला जवळ येऊन खुणेनं सांगायला लागला की काका, तुमचा फ्येटा शिट्टी मारतोय. कान झाकला गेला की मशीनचा आवाज फिरून मशीनमध्येच शिरतो आणि ते किंचाळतं. भोंग्याचं आणि माईकचं जे शास्त्र तेच. चौकातला साउंड एकदम स्वच्छ आणि साउंडवाल्याच्या डोक्यातून शिट्टी, आणि ती मला सोडून सगळ्यांना ऐकू येतेय! मोबाईल वाजतोय अशी थाप मारली, मंडपामागं गेलो. फेटा सोडला तर मशीन दिसणार, फेटा ठेवला तर शिट्टी. मी फेटा ठेवला आणि मशीन खिशात टाकलं.

पण भाषण चुकलं नाही, काळजी करू नकोस. बापाला पोरीचं बोलणं कळायला कान कशाला लागतात? मी पट्टी हिरव्याच्या टोकाला धरून ठेवली होती. शेवटच्या गच्चीवरची माणसंसुद्धा माना न ताणता ऐकत होती. आधी लोक हसले. मग पुढची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग सगळा चौक गप्प झाला. शेवटी प्रियूनं माझ्याकडं हात केला, सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली, आणि धैर्यशीलही काहीतरी म्हणाला. बापाचे आभार मानले असणार, दुसरं काय? मी दोन्ही हात वर केले, मान डोलावली आणि जोरात झकास म्हणालो. आक्का, काय टाळ्या पडल्या! बायका डोळे पुसत होत्या. धैर्यशील तर माझ्या गळ्यातच पडला. एवढा मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

तेव्हापासून मात्र माणसं जरा विचित्र वागतायत. चहावाला माझ्या कानात तोंड घालून बोलतो. रस्त्यात लोक थांबून ओठ मोठे करून हाल विचारतात. सम्राट गोडाऊनची किल्ली माझ्यापुढं आपटून गेला, तेव्हापासून तोंड फुगवून आहे. गणपती मंडळाची पोरं बुकिंगला आली होती, ती मला नुसता नमस्कार करून माघारी फिरली. शालन जेवायला वाढता वाढता पदर डोळ्यांना लावते, आणि लागोपाठ दोन दिवस पांढरा रस्सा केलाय. प्रियूनं येऊन, राग आला का, असं काहीसं विचारलं. मी म्हटलं, झकास. ती गळ्यात पडून रडली. यातलं तुला काही कळलं तर मला कळव.

लोभ असावा, सध्या इकडं तो जरा जास्तच उतू चाललाय.

तुझा,
आकाराम

---

गडहिंग्लज
२३ एप्रिल २०२५

चि. आकारामास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

प्रियूचं भाषण कुणीतरी मोबाईलवर घेतलं, ते फिरत फिरत आमच्याकडं आलं. दाजींनी कानात मशीन घालून आणि मी मोबाईलला कान लावून ते दोनदा ऐकलं. तुझ्या खिशातल्या मशीननं जे ऐकलं नाही ते आता लिहिते.

ती आधी शाळेचं बोलली. वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही आला, पोरं टॅबवर प्रयोग बघतात, त्यात तिची कशी त्रेधा उडते, ते सांगून तिनं हसवलं. मग म्हणाली की मिरवणूक कुणाचीही असो, दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची पोरं सांगतात, बाई, कानात शिट्टी वाजतीया, फळ्यावरचं दिसतंय खरं, पण तुमचं ऐकू येत न्हाय. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, पण शिकायला आधी ऐकू यावं लागतं, असं म्हणाली.

मग ती तुझ्यावर आली. म्हणाली, ह्या चौकाला ज्यांनी आवाज दिला त्या माझ्या आबांना माझा आवाज येत नाही. मिरवणुकीत एकावर एक रचलेल्या बॉक्सच्या भिंतीपुढं उभं राहून त्यांचे कान गेले. घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही. मी नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा ते झकास म्हणाले, आणि एकदा मी रडत घरी आले तेव्हाही झकासच म्हणाले. आता मी भर चौकात त्यांच्याकडं एक मागते, त्यांना ऐकू गेलं तर माझं नशीब. आबा, साउंड लावा, भाषणाचा लावा, गाण्याचा लावा, पण ती बॉक्सची भिंत इथून पुढं कुणाच्याच मिरवणुकीत उभी करू नका.

चौक गप्प झाला तो इथं. धैर्यशीलनं विचारलं की काका, कबूल हाय का? आणि तू दोन्ही हात वर करून झकास म्हणालास.

म्हणजे असं झालं, बाळा. तुला ऐकू येत नाही हे सगळ्या चौकानं ऐकलं, शेवटच्या गच्चीपर्यंत ऐकलं, तुझ्याच साउंडवर, एक शब्द न तुटता. ऐकलं नाही ते फक्त तू. मला आधी हसू आलं. मग शेजारी दाजी रडायला लागले आणि माझाही बांध फुटला.

एवढ्या मोठ्या आवाजात तेवढं तरी तुला ऐकू गेलं, आणि पोरीचा मान राखून तू कबूल झालास, असंच तिथं प्रत्येकाला वाटतंय. मशीन खिशात होतं हे तुला आणि मलाच ठाऊक आहे. ऐकलं नव्हतं म्हणून शब्द मागं घेतलास तर कुणी तुला खोटा म्हणणार नाही. धंद्याचा मोठा भाग त्या भिंतीवर चालतो, सम्राटनं त्याच भरवशावर पुढचे बेत केलेत, हे मला कळतं. मी काही सांगत नाही. फक्त काहीही ठरव, ते कानात मशीन घालून ठरव, आणि त्याआधी प्रियूपुढं बस.

माझा लोभ तुझ्यावर होता तसाच आहे, वर थोडा अभिमान. तो कशाचा, ते अजून मलाही कळलेलं नाही.

तुझी,
आक्का

---

सदर बाजार, कोल्हापूर
२ मे २०२५

ती. सौ. आक्कास,
आकारामचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र गोडाऊनमध्ये बसून वाचलं. मग असा हसत सुटलो की सम्राट धावत बघायला आला. जी गोष्ट लपवायला मी बायकोला वायरची थाप मारली, डॉक्टरला किराणा सांगितला, डोक्याला फेटा गुंडाळला, ती गोष्ट माझ्याच माईकवरून, मीच लावलेल्या आवाजात, आणि मीच वर हात करून पावती दिलेली! असला साउंडवाला जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही.

सम्राटला खरं सांगितलं, की मी काही ऐकलंच नव्हतं. त्याचा चेहरा खुलला. म्हणाला की मग तुमी शब्द दिलाच न्हाय की, आत्ता जाऊन धैर्यशीलला सांगतो. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. भिंत उभी केली की मी चौकाचा राजा असायचो, लोक वळून बघायचे. पोरीच्या एका वाक्यासाठी ते सोडायचं म्हणजे काळजाचा तुकडा काढून द्यायचा.

पण तू लिहिलं होतंस, कानात मशीन घालून ठरव. म्हणून घातलं आणि सम्राटला म्हटलं, एकदा भिंत लाव, मला ऐकायची आहे. त्यानं फक्त दोन बॉक्स लावले. आक्का, मी दाराबाहेर पळालो. छातीत काहीतरी हलल्यासारखं झालं. बाहेरून बघतो तर सम्राट बॉक्सपुढं निवांत उभा, बोटानं ताल धरून. मी हातानं खूण करून बंद करायला लावलं. तो पाठमोरा होऊन वायर काढायला लागला, तशी मी त्याला साध्या आवाजात हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. पुन्हा मारली. आक्का, तो वळला नाही.

तिथंच ठरलं. शब्द दिला तेव्हा ऐकला नव्हता, आता ऐकून पाळायचा. गणपती मंडळाची पोरं परत आली होती, थोडं दिस थांबून जावा, तोवर काका इसरत्याल, असं कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांना म्हटलं, आरतीला लावतो, निवेदनाला लावतो, भिंत नाही. ती का म्हणून विचारायला लागली तेव्हा कानातलं मशीन काढून त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. त्यातल्या एकानं नकळत आपल्या कानाला हात लावला. काम थोडं कमी होणार आहे, पोटापुरतं राहील. सम्राट अजून रुसलेला आहे, पण सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार झालाय. या वेळी धंदा खरा सांगणार.

राहिली प्रियू. परवा ती शाळेतून आली, मी फेटाबिटा न घालता, मशीन दिसेल असा तिच्यापुढं बसलो. सांगितलं की त्या दिवशी मी काही ऐकलं नव्हतं, नुसते हात वर केले होते. आता ऐकतो, बोल. तिनं आधी वाकून माझ्या कानातलं मशीन नीट बघितलं. मग सवयीनं एवढ्या मोठ्यानं बोलायला लागली की मी दचकलो. म्हटलं, हळू बोल, येतंय ऐकू. तर तिला हळू बोलताच येईना. माझ्याशी हळू बोलायची घरात कुणाला सवयच राहिली नव्हती. मला तर वाटायचं, पोरीचा आवाजच फाटका आहे.

मग बोलली. चौकातलं सगळं, आणि चौकात न सांगितलेलंही बरंच. कधी रडत आली होती आणि का, ते सांगितलं. मी ऐकत होतो, पण खरं सांगू का, मधेमधे शब्द सुटायचे आणि मी नुसता आवाजच ऐकत बसायचो. आक्का, तिचा आवाज थेट आपल्या आईचा आहे. तसाच दबका, वाक्य संपताना जरासा वर जाणारा. तू इतकी वर्षं तिच्याशी फोनवर बोलतेस, तुला माहीत असणार. मला एकदा तरी सांगायचं होतंस.

लोभ आहे, तो राहू दे.

तुझा,
आकाराम